विद्यार्थ्यांचे अभिप्राय : कपाटात की वर्गात?

देशातील बहुतेक महाविद्यालयांत सत्र संपत आले की विद्यार्थ्यांच्या हाती एक प्रश्नावली पडते. शिक्षक वेळेवर येतात का, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, शिकवलेले समजले का, अशा प्रश्नांपुढे खुणा करून ती परत केली जाते. पूर्वी हे अर्ज कागदावर असत, आता ते बहुधा मोबाइलवर भरले जातात. पुढे त्या उत्तरांचे काय होते, हे मात्र अर्ज भरणाऱ्याला क्वचितच कळते. परीक्षा होते, निकाल लागतो, विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो आणि त्याचे म्हणणे एखाद्या फायलीत राहते.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायामुळे महाविद्यालयीन अध्यापन खरोखर सुधारते का? सुधारत असेल तर कोणत्या अटींवर? हे प्रश्न आता केवळ शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांपुरते उरलेले नाहीत. अभिप्रायाच्या आकड्यांचा संबंध महाविद्यालयाच्या मानांकनाशी आणि शिक्षकांच्या बढतीशी जोडला जाऊ लागल्याने त्यांचे महत्त्व वाढले आहे.

बेंगळुरूचा संबंध

अभिप्राय घेण्याच्या प्रथेला भारतात जे संस्थात्मक स्वरूप आले, त्याचे एक केंद्र बेंगळुरू येथे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांचे मूल्यमापन खुल्या, सर्वांच्या सहभागाने होणाऱ्या आणि माहितीवर आधारलेल्या पद्धतीने व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. उच्च शिक्षणाचा दर्जा तपासणारी स्वतंत्र यंत्रणा असावी, हा विचारही त्याच काळात पुढे आला. त्यातून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच 'नॅक', ही स्वायत्त संस्था स्थापन केली. तिचे मुख्यालय बेंगळुरूच्या पश्चिम भागातील नागरभावी येथे आहे.

नॅकच्या मूल्यांकनाची विभागणी सात निकषांत करण्यात आली. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य, प्रशासन व नेतृत्व आणि संस्थात्मक मूल्ये हे ते निकष होत. प्रत्येक महाविद्यालयात 'अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष' असावा आणि त्याने दरवर्षी गुणवत्तेचा अहवाल पाठवावा, अशीही व्यवस्था झाली. अभिप्राय गोळा करण्याचे काम बहुतेक ठिकाणी याच कक्षाकडे आले. त्यामुळे गावातील छोट्या कला महाविद्यालयापासून महानगरातील स्वायत्त महाविद्यालयापर्यंत अभिप्रायाचा अर्ज पोहोचला.

चार पायऱ्यांची शिडी

जुलै २०१७ मध्ये नॅकने सुधारित आराखडा लागू केला. त्यात अभिप्रायाच्या प्रक्रियेला गुण देताना एक शिडी ठरवण्यात आली होती. अभिप्राय घेतलाच नसेल तर ते महाविद्यालय शिडीच्या खाली. नुसता गोळा केला असेल तर पहिली पायरी. गोळा करून त्याचे विश्लेषण केले असेल तर दुसरी. विश्लेषणानंतर कृतीही केली असेल तर तिसरी. आणि ही सर्व माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली असेल तर चौथी, म्हणजे सर्वोच्च पायरी.

या शिडीने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. अर्ज भरून घेणे हा कामाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. कृती झाल्याखेरीज अभिप्रायाला अर्थ नाही, हे प्रथमच गुणांच्या भाषेत सांगितले गेले. परंतु याच शिडीत एक उणीवही होती. 'कृती केली' हे सिद्ध करण्यासाठी कागद पुरेसा होता. प्राचार्यांच्या बैठकीचे इतिवृत्त आणि कृती-अहवाल जोडला की पायरी चढता येत असे. वर्गातील शिकवणे त्यामुळे बदलले की नाही, हे त्या कागदावरून समजणे कठीण होते.

एकवीस प्रश्नांचे सर्वेक्षण

याच आराखड्यात अध्यापनाच्या निकषाखाली 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' समाविष्ट करण्यात आले. महाविद्यालयाने दिलेल्या यादीतील विद्यार्थ्यांना ई-मेलद्वारे प्रश्नावली पाठवण्याचे काम नॅकने स्वतःकडे ठेवले होते. प्रश्न एकवीस. त्यांपैकी वीस पर्याय निवडून उत्तर देण्याचे होते आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते चार असे मूल्य होते. एकविसाव्या प्रश्नात विद्यार्थ्याने अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना स्वतःच्या शब्दांत लिहावयाच्या होत्या.

प्रश्नांचा रोख पाहण्यासारखा आहे. पहिलाच प्रश्न अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवला गेला असा आहे, आणि त्याचे पर्याय टक्केवारीत दिले आहेत. शिक्षक किती तयारीने येतात, त्यांचे बोलणे कितपत समजते, अंतर्गत गुणदान निःपक्षपाती असते का, दिलेल्या स्वाध्यायातील कामगिरीविषयी चर्चा होते का, संकल्पना उदाहरणांनी स्पष्ट केल्या जातात का, असे इतर प्रश्न आहेत. हे प्रश्न विद्यार्थ्याला प्रत्यक्ष अनुभवाने सांगता येतील अशा गोष्टींविषयी आहेत, हा या प्रश्नावलीचा गुण म्हणावा लागेल.

तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. महाविद्यालयांच्या बाबतीत किमान दहा टक्के अथवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्या विद्यार्थ्यांची उत्तरे आली तरी सर्वेक्षण ग्राह्य धरले जात असे. विद्यापीठांसाठी ही मर्यादा दहा टक्के अथवा पाचशे अशी होती. म्हणजे तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात शंभर उत्तरे पुरेशी ठरत. हे प्रमाण सव्वातीन टक्क्यांच्या आसपास होते. संपूर्ण संस्थेविषयी ढोबळ अंदाज बांधण्यास एवढी उत्तरे कदाचित चालतील. परंतु द्वितीय वर्षाला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकाला आपल्या तासाविषयी त्यातून काहीही हाती लागत नाही. सर्वेक्षण 'शिक्षक' हा शब्द अनेकवचनात वापरते. सुधारणा मात्र एकेका शिक्षकाला, एकेका विषयात करावी लागते.

येथेच दोन भिन्न हेतूंची गल्लत होते. पहिला हेतू संस्थेचा वा शिक्षकाचा दर्जा ठरवणे हा आहे, तर दुसरा शिकवणे सुधारणे हा. पहिल्यासाठी आकडा लागतो, दुसऱ्यासाठी तपशील. एकाच अर्जाने दोन्ही कामे साधण्याचा प्रयत्न केला की आकडा उरतो आणि तपशील हरवतो.

सरासरी काय लपवते?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, साठ विद्यार्थ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात तीस जणांनी शिक्षकाला दोन गुण दिले आणि तीस जणांनी तीन. सरासरी अडीच. दुसऱ्या वर्गात अठ्ठेचाळीस जणांनी तीन गुण दिले, सहा जणांनी एक आणि सहा जणांनी शून्य. येथेही सरासरी अडीचच येते.

कार्यालयातील तक्त्यात दोन्ही शिक्षक सारखे दिसतील. प्रत्यक्षात पहिल्या वर्गात सर्वांनाच थोडेफार समजते आहे. दुसऱ्या वर्गात बहुसंख्य विद्यार्थी समाधानी आहेत आणि बारा जण पूर्णपणे मागे पडले आहेत. हे बारा जण कोण, याचा शोध घेतला तर अनेकदा शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न समोर येतो. बेळगाव-निपाणीकडून मराठी माध्यमात शिकून आलेला, उत्तर कर्नाटकातून कन्नड माध्यमात शिकून आलेला किंवा विदर्भातील आश्रमशाळेतून आलेला विद्यार्थी इंग्रजीतून चालणाऱ्या विज्ञान वा वाणिज्य शाखेच्या वर्गात बसतो, तेव्हा त्याची अडचण विषयाची नसून भाषेची व वेगाची असू शकते. सरासरी ही अडचण दाखवत नाही. म्हणून अभिप्राय वाचताना सरासरीसोबत गुणांची विभागणी पाहणे आवश्यक ठरते.

हाच मुद्दा प्रश्नावलीच्या भाषेलाही लागू होतो. मोकळ्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीतच लिहिण्याची सक्ती असेल, तर ज्याला सर्वाधिक सांगावयाचे आहे तोच 'गुड' किंवा 'ओके' एवढे लिहून मोकळा होतो. उत्तर मराठी, कन्नड, हिंदी वा अन्य कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा दिल्यास त्यासाठी जादा खर्च येत नाही, मात्र मिळणारी माहिती बदलते.

आकड्यांवर किती विसंबावे?

विद्यार्थ्यांकडून गुण घेण्याची पद्धत अमेरिकेत १९२० च्या दशकापासून रुजू लागली. पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी त्यासाठी तयार केलेली मापनश्रेणी त्या काळातील महत्त्वाची मानली जाते. त्यानंतरच्या शतकभरात या पद्धतीवर विपुल संशोधन झाले आणि त्यातून तिचे धोकेही उघड झाले.

१९७० मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. 'डॉ. फॉक्स' या नावाने एका अभिनेत्याला तज्ज्ञ म्हणून उभे करण्यात आले. त्याने परस्परविरोधी आणि निरर्थक विधानांनी भरलेले व्याख्यान आत्मविश्वासाने आणि विनोदाची पखरण करीत दिले. उच्चशिक्षित श्रोत्यांनी त्याच्याविषयी अनुकूल अभिप्राय नोंदवला. या प्रयोगाचा वृत्तान्त १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. रंजक बोलणे आणि चांगले शिकवणे यांत फरक करणे श्रोत्याला नेहमीच जमते असे नाही, हा त्याचा बोध होता.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवणाऱ्या एका पुरुषाने आणि एका स्त्रीने काही गटांपुढे आपली ओळख अदलाबदल करून सांगितली. विद्यार्थी ज्याला पुरुष समजत होते, त्याला अधिक गुण मिळाले. विशेष म्हणजे तपासलेले काम सर्व गटांना एकाच वेळी परत दिलेले असतानाही 'तत्परता' या बाबीत हा फरक दिसला.

या स्वरूपाच्या पुराव्यांचा परिणाम धोरणांवरही झाला. कॅनडातील टोरांटो येथील तत्कालीन रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात २०१८ मध्ये लवादाने असा निर्णय दिला की, बढती वा कायम नियुक्तीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजताना विद्यार्थ्यांनी दिलेले गुण वापरू नयेत. मात्र त्याच निर्णयात विद्यार्थ्यांचा अनुभव जाणून घेण्यासाठी त्यांचे मत मोलाचे आहे, हेही मान्य करण्यात आले. शिक्षकाचे बोलणे समजते का, तास बुडतात का, तपासलेले काम वेळेवर मिळते का, हे विद्यार्थ्याइतके नेमके कोण सांगणार? विषयाचे ज्ञान अद्ययावत आहे का, हे मात्र त्या विषयाच्या जाणकारालाच ठरवावे लागते.

भारतातील जोखीम

भारतात हा प्रश्न आणखी नाजूक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या कामगिरीचे मूल्यमापन अनेक बाबींवरून व्हावे असे म्हटले आहे. त्या बाबींत सहकाऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा उल्लेख आहे आणि बढती व वेतनवाढीशीही त्याचा संबंध जोडलेला आहे. दुसरीकडे, अनेक महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आणि कर्नाटकात अतिथी अध्यापकांवर आहे. त्यांची नियुक्ती तात्पुरती असते. पुढील वर्षी काम मिळणार की नाही, हे अभिप्रायाच्या एका आकड्यावर ठरू लागले, तर शिक्षक अवघड प्रश्न विचारणे टाळेल, गुण सढळ हाताने देईल आणि महत्त्वाचा पण कठीण भाग वरवर शिकवून पुढे जाईल. विद्यार्थी समाधानी दिसतील, पण त्यांचे नुकसान झालेले असेल.

विद्यार्थ्याचीही अशीच अडचण आहे. अंतर्गत गुण त्याच शिक्षकाच्या हाती असतात. अर्जावर हजेरी क्रमांक लिहावा लागत असेल किंवा शिक्षक वर्गात उभे असतानाच तो भरावा लागत असेल, तर खरे उत्तर येण्याची शक्यता कमी. ऑनलाइन अर्जात महाविद्यालयाच्या खात्यातून प्रवेश करावा लागत असेल, तर आपले नाव कोणाला दिसते हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. मोकळ्या उत्तरांच्या हस्तलिखित प्रती शिक्षकाला जशाच्या तशा देऊ नयेत, कारण लहान वर्गात अक्षर ओळखता येते. गुणपत्रके निश्चित झाल्यानंतरच सत्राअखेरचा अभिप्राय शिक्षकाच्या हाती द्यावा, हाही साधा पण परिणामकारक नियम आहे.

सत्राच्या मध्यावर विचारा

सत्राअखेर घेतलेल्या अभिप्रायात एक अंगभूत अन्याय आहे. जो विद्यार्थी तो देतो, त्याला त्याचा लाभ कधीच मिळत नाही. लाभ झालाच तर तो पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना. म्हणून सत्राच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, अजून निम्म्याहून अधिक तास शिल्लक असताना, छोटा अभिप्राय घेणे अधिक उपयोगी ठरते.

त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. तासाची शेवटची पाच मिनिटे राखून विद्यार्थ्यांना कोरा कागद द्यावा, नाव लिहू नये असे सांगावे आणि दोनच प्रश्न विचारावेत : आजच्या तासात सर्वांत महत्त्वाचे काय वाटले? कोणता भाग अजून समजलेला नाही? 'एका मिनिटाचा कागद' म्हणून ओळखली जाणारी ही रीत थॉमस अँजेलो आणि पॅट्रिशिया क्रॉस या अमेरिकी अभ्यासकांच्या १९९३ च्या ग्रंथामुळे जगभर पोहोचली. तिच्यात शिक्षकाला गुण दिले जात नाहीत. त्यामुळे शिक्षकाला भीती वाटत नाही आणि विद्यार्थ्यालाही संकोच राहत नाही.

दुसरी रीत वॉशिंग्टन विद्यापीठात १९७० च्या दशकात विकसित झाली. तिच्यात शिक्षक वर्गाबाहेर जातात आणि एक सहकारी अर्धा तास वर्ग घेतो. विद्यार्थी पाच-सहा जणांच्या गटांत बसून शिकण्यास कशाची मदत होते, कशाचा अडथळा होतो आणि काय बदलावे, यावर चर्चा करतात. गटांत एकमत झालेले मुद्देच सहकारी टिपून घेतो आणि नंतर ते शिक्षकाला एकांतात सांगतो. एखाद्याचा वैयक्तिक राग अथवा स्तुती यात आपोआप गळून पडते. आपल्याकडे बहुतेक विभागांत तीन-चार शिक्षक असतात. त्यांनी एकमेकांसाठी हे काम केले, तर बाहेरचा तज्ज्ञ बोलावण्याचे कारण उरत नाही.

सहकाऱ्याची मदत का महत्त्वाची, यालाही आधार आहे. पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सत्राच्या मध्यावर मिळालेल्या अभिप्रायामुळे अध्यापनात सुधारणा होते, परंतु आकडे नुसते हाती देण्याऐवजी त्यांवर कोणाशी विचारविनिमय झाल्यास ती सुधारणा लक्षणीयरीत्या अधिक असते, असे त्यांना आढळले. एकट्याने वाचलेला अभिप्राय बोचतो किंवा सुखावतो; सहकाऱ्याबरोबर वाचलेल्या अभिप्रायातून पुढच्या तासाची आखणी होते.

उत्तरांचे चार ढीग

मिळालेल्या सूचना वाचताना त्यांची चार गटांत विभागणी केल्यास काम सोपे होते. पहिला गट पुढच्याच तासापासून बदलता येणाऱ्या गोष्टींचा : फळ्यावरील अक्षर मोठे काढणे, नव्या संज्ञेचा अर्थ विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगणे. दुसरा गट पुढच्या सत्रात बदलता येणाऱ्या गोष्टींचा, जसे पाठांचा क्रम वा स्वाध्यायांची संख्या. तिसरा गट शिक्षकाच्या हाती नसलेल्या, संस्थेने सोडवायच्या बाबींचा : बंद पडलेला प्रोजेक्टर, ग्रंथालयातील पुस्तकांच्या अपुऱ्या प्रती, जेवणाच्या सुट्टीनंतर लागोपाठ लावलेले तीन तास. चौथा गट बदलू नयेत अशा मागण्यांचा. 'प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत' ही मागणी बहुमताने आली, तरी ती मान्य केल्याने शिकणे सुधारत नाही.

समजा, कॉस्ट अकाउंटिंगच्या वर्गात बऱ्याच विद्यार्थ्यांनी 'वेग फार आहे' असे लिहिले. शिक्षकाने सहकाऱ्यासोबत कागद पुन्हा पाहिले, तेव्हा तक्रार संपूर्ण विषयाविषयी नसून गणिते सोडवताना मधल्या पायऱ्या गाळल्या जातात, याविषयी असल्याचे दिसले. उपाय मग आवाक्यात येतो. प्रत्येक प्रकारातील पहिले गणित सर्व पायऱ्यांसह फळ्यावर सोडवावे आणि दुसरे विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे. तीन आठवड्यांनी तोच एक प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर बदलले असेल, तर सुधारणा झाली याचा पुरावा मिळतो आणि बदलले नसेल, तर निदान चुकले हे कळते.

यानंतरची पायरी बहुधा राहून जाते. विद्यार्थ्यांना उत्तर देणे. पुढच्या तासाला पाच मिनिटे घेऊन कोणत्या सूचना आल्या, कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या स्वीकारता येत नाहीत आणि का, हे वर्गाला सांगितले पाहिजे. न स्वीकारलेल्या सूचनेमागील कारणही विद्यार्थी समजून घेतात. उत्तरच न मिळाल्यास मात्र पुढच्या वेळी ते सर्व प्रश्नांपुढे एकाच रांगेत खुणा करून अर्ज परत करतात. त्या खुणांची सरासरी काढता येते, परंतु तिला अर्थ नसतो.

पुढे काय?

नॅकने जानेवारी २०२४ मध्ये श्रेणी देण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी 'अधिस्वीकृत' अथवा 'अधिस्वीकृत नाही' अशी द्विस्तरीय पद्धत आणण्याचे जाहीर केले. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशी त्यामागे होत्या. मूल्यांकनाचे निकष काळानुसार बदलत राहतील. परंतु वर्गात काय घडते याची सर्वांत जवळची साक्ष विद्यार्थ्याचीच असते, ही बाब कोणत्याही आराखड्यात कायम राहणार आहे.

एखाद्या महाविद्यालयात अभिप्रायाचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी फायली उघडण्याची आवश्यकता नाही. नव्या सत्राच्या पहिल्या तासाला शिक्षकाने 'गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी अमुक सुचवले, म्हणून यंदा आपण तमुक पद्धतीने शिकणार आहोत' असे एक वाक्य सांगितले, तर नव्या विद्यार्थ्यांना आपले म्हणणेही ऐकले जाईल याची खात्री पटते. सत्राअखेर जेव्हा प्रश्नावली त्यांच्या हाती येईल, तेव्हा ती ते विचारपूर्वक भरतील.